इंग्लंडात दोन नंबरच्या व्यवहारात अडकलेले पैसे परत कसे मागायचे

नाशकात आता अशी बरीच घरं आहेत, पोरगं यूकेला, तिथल्या एजंटला नोकरीच्या व्हिसाला लागणाऱ्या स्पॉन्सरशिपसाठी पाउंडात पैसे मोजलेत आणि पुढे ना नोकरी ना फोन. घरचे म्हणतात जाऊ दे, व्यवहारच बेकायदा, कोर्टात गेलो तर आपणच अडकू. एवढ्यात पाणी सोडू नका.

इंग्लंडातली 2016 ची पटेल विरुद्ध मिर्झा केस बघा. पटेलने मिर्झाला 6 लाख 20 हजार पाउंड दिले होते, आतल्या बातमीवर आरबीएस बँकेच्या शेअरवर पैज लावायला, म्हणजे सरळसरळ गुन्हाच. बातमी आलीच नाही, पैज लागली नाही, मिर्झा पैसे देईना. तिथल्या सुप्रीम कोर्टात नऊ जज बसले आणि नऊही जण म्हणाले परत द्या, कारण त्याने दोघं फक्त होते तिथे परत जातात, बेकायदा करार काही पुरा होत नाही. म्हणून दावा लिहिताना 'कबूल केलेली नोकरी द्या' किंवा 'बुडालेला फायदा द्या' असलं काही घालू नका, दिलेली रक्कम परत मागा, बस.

एजंटच्या केसमध्ये तर तुमची बाजू अजून भक्कम. नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडून फी घेणं, थोडे अपवाद सोडले तर, 1973 च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने बंदच आहे, आणि हा कायदा उमेदवारासाठीच आहे. युगांडातल्या एका भाडेकरूने भरलेली बेकायदा पागडी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींच्या अपिलांचं शेवटचं कोर्ट) 1960 साली याच मुद्द्यावर परत मिळवून दिली, कायदा भाडेकरूसाठी होता म्हणून. पण खोटी कागदपत्रं बनवण्यात तुमचाही हात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोर्ट कायद्याचा हेतू काय, पैसे नाकारणं जास्तीची शिक्षा होईल का, हे सगळं तोलून बघतं.

आधी बँक ट्रान्सफर, व्हॉट्सअॅप चॅट, व्हॉइस नोट सगळं सेव्ह करा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, एजंट डिलीट फॉर एव्हरीवन करायला बसलेलाच असतो. मग तिथल्या सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला दाखवा, पत्र पाठवायच्या आधीच, कारण तुम्ही लिहिलेलं व्हिसाच्या भानगडीत तुमच्यावर उलटू शकतं. मग दाव्याआधीची नोटीस, साध्या प्रकरणात 14 दिवसांची मुदत. त्यात 'पैसे दे नाहीतर पोलिसात जातो' हे चुकूनही नको, तिकडे ते ब्लॅकमेलमध्ये धरलं जाऊ शकतं. उत्तर नाही आलं तर ऑनलाइन दावा, 10 हजार पाउंडांपर्यंत साधारण स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या मार्गाने जातो. मुदत साधारण सहा वर्षं.

आणि पैसे इथेच, गंगापूर रोडच्या ऑफिसात रोख मोजले असतील तर इंग्लंडचा कायदा बहुतेक लागणारच नाही, मग आपला 1872 चा करार कायदा, कलम 65 (करार रद्द ठरला तर घेतलेलं परत करा म्हणणारं), आणि मुदत साधारण तीनच वर्षं, तेव्हा वकील नाशकातलाच गाठा आणि लवकर गाठा.