केंटची लाकडी शेतघरं मोजायला जाताना

पुण्यात आर्किटेक्चर करून जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करायला मी इंग्लंडला गेले, तेव्हा पहिल्याच सत्रात केंट परगण्यातलं एक शेतघर मोजायला मिळालं. ओकच्या लाकडाची चौकट, मधोमध विटांचं जाड धुराडं, दोन मजले आणि वर माळा. माळ्यावरचे वासे काळेकुट्ट होते. मी वहीत लिहिलं, ‘छप्पर आगीत जळालेलं.’ सरांनी वही पाहिली आणि वाशावरून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला काजळी लागली. खालचं लाकूड शाबूत होतं, तासणीच्या खुणाही दिसत होत्या. जळक्या लाकडाला चौकोनी भेगा पडतात, तशी एकही नव्हती.

ती काजळी रोजच्या विस्तवाची होती. मध्ययुगात या घरांचा मधला भाग, म्हणजे हॉल, जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळा असे. जमिनीवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढे. धुराडी आणि मधले मजले बहुतेक ठिकाणी 16व्या-17व्या शतकात घातले गेले. म्हणजे ज्या मजल्यावर उभी राहून मी माप घेत होते, तो मूळ घरात नव्हताच. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: टॉर्च घ्या आणि आधी माळ्यावर चढा. पाय मात्र तुळयांवरच ठेवा, मधल्या गिलाव्यावर नको.

मोकळा हॉल प्रत्यक्ष बघायचा तर वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जा. तिथलं ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाचं शेतघर मुळात केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाउ बीच इथल्या जलाशयात बुडणार म्हणून ते सुटं करून इथे पुन्हा उभं केलं. याला वील्डन पद्धतीचं घर म्हणतात. दोन्ही टोकांना वरचा मजला भिंतीच्या पुढे झुकलेला, आणि मधला भाग मागे दबलेला. मला आधी ती सजावट वाटली होती. कारण साधं आहे: हॉलला वरचा मजलाच नाही, तर पुढे झुकणार काय? पण छप्पर एकच सलग, त्यामुळे हॉलसमोर वळचण खोल होते आणि तिला आधार द्यायला बाकदार तिरपे टेकू लागतात.

आराखडा समजायला आपल्याकडचा एक शब्द फार कामी आला: खण. वाड्यात दोन खांबांमधलं अंतर आपण खणांनी मोजतो, तसंच तिथेही घर खणाखणाने वाढतं. हॉल बहुधा दोन खणांचा. त्याच्या खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारं आणि पलीकडे पेयं व धान्य ठेवायच्या खोल्या. वरच्या टोकाला मालकाचं मेज आणि त्यामागे त्याची खाजगी खोली. ती दोन दारं सापडली की अर्धं घर उलगडतं.

मग सांधे बघा, आणि इथे मनसोक्त वेळ घालवा. ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळला की तो फार टणक होतो. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकत. दोन्हींतली भोकं मुद्दाम किंचित सरकवलेली असत, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जाई. सुतार आधी जमिनीवर चौकट जुळवून बघत आणि प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरत. चार हा आकडा बहुतेकदा चार उभ्या रेघांचा असतो. आकड्यांचा क्रम तुटला किंवा रिकामी खाच दिसली, तर तिथून काहीतरी काढलेलं आहे, एखादी भिंत किंवा टेकू. प्रत्येक रिकामी खाच नकाशात काढा, कारण कळलं नाही तरी. लांब उभ्या भेगांनी घाबरू नका, ओक वाळताना त्या पडतातच.

भिंतींचं मात्र मला काही शिकावं लागलं नाही. चौकटीत उभ्या काठ्या, त्यांत हेझल या झुडपाच्या फांद्या विणायच्या, वर माती, शेण आणि पेंढ्याचा लेप, मग चुना. कोकणातला कारवीचा कूड पाहिलेल्याला हे लगेच ओळखू येतं. या भिंतींवर 20व्या शतकात अनेकांनी सिमेंट चढवलं. सिमेंटमागे पाणी अडकतं आणि तळाची आडवी तुळई आतून कुजते, बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून जिथे सिमेंटचा गिलावा दिसेल, तिथे जमिनीलगत खाली बसा आणि मालकाची परवानगी घेऊन बोथट टोच्याने लाकूड हलकेच दाबून बघा.