मायक्रोवेव्हसाठी भांडं निवडताना

आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त भांडी स्टीलची, आणि नेमकी तीच इथे चालत नाहीत. मायक्रोवेव्हच्या लहरी धातूवरून परत फिरतात. स्टीलच्या झाकणबंद डब्यातला भात गारच राहतो, आणि डबा आतल्या भिंतीला टेकला तर ठिणग्या उडतात. सोनेरी किंवा रुपेरी कडेच्या कपबश्यांचंही तेच. ती नक्षीसुद्धा धातूचीच असते. तडतड आवाज येतो आणि कड काळी पडते.

रोजच्या वापराला बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं भांडं घ्या. शक्यतो गोल, कारण चौकोनी भांड्यात कोपऱ्यांतलं अन्न आधी करपतं. आकारही असा हवा, की फिरती प्लेट अडणार नाही. फ्रीजमधून काढलेलं भांडं लगेच गरम करू नका, गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका. काच तडकते ती अशा एकदम होणाऱ्या फरकानेच. या भांड्यांची प्लास्टिकची झाकणं मात्र बहुतेक वेळा फक्त साठवणीसाठी असतात. गरम करताना ती काढून वर काचेची बशी जरा तिरकी ठेवा, म्हणजे वाफ बाहेर पडेल.

चिनी मातीच्या भांड्याबद्दल शंका असेल तर घरीच तपासता येतं. धातूची कड नाही ना, एवढं आधी पाहा. मग रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी काचेच्या कपात कपभर पाणी ठेवा आणि पूर्ण पॉवरवर 1 मिनिट चालवा. पाणी कोमट आणि भांडं गार, तर भांडं चालेल. भांडंच तापलं तर ते लहरी शोषतंय, ते नको. पाण्याचा कप विसरू नका. आत काहीच शोषणारं नसेल तर मशीनवर ताण येतो. झिलई उडालेली किंवा केसासारखी चीर असलेली भांडी, तसंच बिनझिलईची मातीची भांडी बाजूला ठेवा. त्यांत पाणी मुरलेलं असतं, ते तापून भांडं फुटू शकतं.

प्लास्टिकला ही चाचणी लावू नका. डबा उलटा करून तळ पाहा. त्रिकोणातला 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे त्यातल्या त्यात उष्णता सोसणारं प्लास्टिक. 1 आणि 6 नकोच. पण 5 असला तरी लहरींचं चिन्ह किंवा मायक्रोवेव्हचा स्पष्ट उल्लेख हवा. पेला आणि काटा असलेलं चिन्ह फक्त अन्न ठेवायला योग्य, एवढंच सांगतं. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे थंड पदार्थांसाठी केलेले असतात. त्यात उसळ गरम केली की तेलाच्या रेषेवर पिवळं, खरखरीत कडं उमटतं. पाणी 100 अंशांवर उकळतं, तेल त्याहून खूप वर जातं आणि नेमकं तिथेच प्लास्टिक वितळतं. म्हणून तर्रीचा रस्सा, तुपातला शिरा, पाक हे काचेतच. मेलामाइनच्या प्लेटा दिसायला चिनी मातीसारख्या, पण त्या स्वतःच तापतात आणि त्यातली रसायनं अन्नात उतरू शकतात. त्या फक्त वाढायला.

कन्व्हेक्शनवर केक करताना गणित उलटं होतं. तिथे गरम हवा काम करते, त्यामुळे अॅल्युमिनियमचा साचा चालतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र 160 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून 180 वर कुठलाही प्लास्टिकचा डबा आत नको. मायक्रो आणि कन्व्हेक्शन दोन्ही एकत्र लावलं, तर साचाही काढा आणि ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं घ्या.