रायडिंग पँट घ्यायला गाडी घेऊनच जा

उन्हाळ्यासाठी रायडिंग पँट, म्हणजे दुचाकीवरून पडलं तर पाय वाचवणारी पँट, घ्यायची असेल, तर दुकानात सकाळी अकराला जाऊ नका. एसी चालू असतो, आपणही नुकतीच आंघोळ करून निघालेलो असतो, आणि त्या गारव्यात कुठलीही पँट हलकीच वाटते. दुपारी तीनला जा. स्वतःच्या गाडीवर जा, लांबच्या राइडला जे बूट घालणार तेच घालून जा, आणि आत पातळ टाइट्स घालायची सवय असेल तर तीही अंगात असू द्या. दुकानात शिरल्यावर आधी हे विचारा, की पँट चढवून बाहेर लावलेल्या गाडीवर पाच मिनिटं बसू देणार का. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. उभं राहून ही पँट कळत नाही.

मला हे लासलगाव-विंचूर रस्त्यावर कळलं. उन्हाळ कांद्याचे दिवस, पुढे ट्रॅक्टर, ट्रॉलीतून एकेक कांदा घरंगळतोय. एक चाकाखाली आला आणि मी डाव्या अंगावर आडवा. वेग जेमतेम तीसचा असेल. अंगात चांगली महागाची मेश, म्हणजे जाळीदार कापडाची पँट होती, गुडघ्याला धक्का सोसणारं गार्ड होतं. घरी येऊन पँट काढली तर गार्ड कोरं करकरीत आणि गुडघ्याची वाटी सोललेली. पडताना गार्ड सरकून मांडीच्या आतल्या बाजूला गेलं होतं. खुब्यावर तर गार्ड नव्हतंच. त्यासाठी पँटला खिसा होता, तो रिकामा होता, आणि मी तो कधी उघडूनही बघितला नव्हता. पुढे तीन आठवडे डाव्या कुशीवर झोपता आलं नाही.

म्हणून सुरुवात गुडघ्यापासून. उभं राहिल्यावर गार्ड वाटीच्या किंचित खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी असलं पाहिजे. गाडीवर बसलं की पाय दुमडतो, कापड वर ओढलं जातं आणि गार्ड नेमकं वाटीवर येतं. आरशासमोर जे अगदी बरोबर वाटतं ते बसल्यावर मांडीवर जातं. आता बसल्या बसल्या दोन बोटांनी गार्ड बाहेरून धरा आणि डावी-उजवीकडे ढकला. दोन बोटांनी सरकलं तर डांबराला काय जड आहे! आतला खिसा वेल्क्रोने वर-खाली करता येतो का ते बघा, पोटरीजवळ आवळायला पट्टी आहे का ते बघा. एक साइझ मोठी घेतली की हवा खेळती राहते असं दुकानात हमखास सांगतात. हवा राहते, गार्ड राहत नाही.

माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो तेव्हा तो आरशासमोर वळून वळून बघत होता. "मामा, फिटिंग एकदम भारी ना?" म्हटलं, बाहेर चल, गाडीवर बस. बसला आणि त्याचं त्यालाच कळलं. पोटावर बक्कल रुतत होतं, पाठीमागे कमरेला चार बोटं फट पडली होती, आणि पँट बुटाच्या वर चढून घोटा उघडा पडला होता. त्यामुळे हे तिन्ही बसूनच बघायचं. उभ्याने थोडी लांब वाटणारी पँट बसल्यावर बरोबर होते. कमरेमागे जॅकेटला जोडायची चेन असेल तर ती आपल्या जॅकेटच्या चेनला लागते का, हेही जॅकेट सोबत नेऊन लावून बघा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या चेन सहसा एकमेकींना लागत नाहीत.

खुब्याचं गार्ड बऱ्याच पँटसोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. पँटची किंमत बोलतानाच त्याचेही पैसे धरा. खिसाच नसेल तर पँट परत ठेवा.

मग लेबल. युरोपातला ईएन १७०९२ हा कपड्यांचा मापदंड आहे. त्यात वरून खाली एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. आतल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली हे अक्षर असतं. कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात आणि फाटतात का ते बघतात. गुडघा आणि खुब्याच्या भागाला 'ए'साठी ताशी ४५ किलोमीटर, 'एए'साठी ७० आणि 'एएए'साठी १२० असा वेग धरलेला आहे. भरपूर हवा येणाऱ्या उन्हाळी मेश पँट बहुतेक 'ए'मध्येच सापडतात. गावात आणि जवळपास फिरणाऱ्याला ते चालेल. दर रविवारी धुळ्याच्या हायवेला सुटणाऱ्याने 'एए' शोधावी आणि थोडा जास्त घाम सोसावा, असं माझं मत. 'बी'मध्ये घासण्याची कसोटी 'ए'सारखीच, पण गार्ड नसतं. 'सी' म्हणजे नुसतं गार्ड धरून ठेवणारं कापड, घासण्यापासून त्याचा आधार नाही.

गार्डचं लेबल वेगळं असतं. त्यावर ईएन १६२१-१ बघायचं. लेव्हल १ मध्ये आरपार पोचणारा धक्का सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असावा लागतो, लेव्हल २ मध्ये २० च्या. आपल्यासाठी आणखी एक बारीक खूण महत्त्वाची आहे, 'टी' आणि पुढे अधिकचं चिन्ह. याचा अर्थ ते गार्ड ४० अंशांनाही तपासलेलं आहे. मऊ फोमची गार्डं उन्हात आणखी मऊ पडतात, आणि आपण तर पँट गाडीच्या डिकीत कोंबून गाडी उन्हात लावणारी माणसं.

कापडाकडे येताना मेश किती आहे यापेक्षा कुठे आहे ते बघा. मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीला जाळी असू द्या. गुडघा, खुब्याची बाहेरची बाजू आणि बैठक मात्र जाड विणीची हवी, ५०० किंवा ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन किंवा पॉलिएस्टर. ही जाळी खुब्यापर्यंत चढलेली पँट मी हातातही घेत नाही. शिवण उलटी करून बघा, खुब्याच्या बाजूने खाली येणारी मुख्य शिवण दुहेरी-तिहेरी आहे का. कापड टिकतं आणि शिवण उसवते, असं होतं. साधी जीन्स मात्र या कामाची नाही, डांबरावर ती बघता बघता फाटते. रायडिंग जीन्समध्ये अॅरामिडचा, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा असतो. तो वितळत नाही. रोज नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबडला कामावर जाणाऱ्याला ती सोयीची, कपडे बदलायला नकोत. पण आत संपूर्ण अस्तर असेल तर मे महिन्यात ती अंगावर गोधडी होते. एकपदरी विणीची बघा.

आता उकाड्याचं. इथे आपल्या नाशिककरांना दोन वेगळे उन्हाळे सांभाळावे लागतात. चांदवड ओलांडून मालेगावकडे गेलं की कोरडं ऊन, पारा ४२ च्या पुढे जाणंही नवीन नाही. आपली कातडी ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की वारा गार करत नाही, उलट भाजतो, आणि घाम उडतो तेवढाच काय तो गारवा. अशा वेळी मोठ्या जाळीची पँट घाम इतक्या पटकन वाळवते की शरीरातलं पाणी संपत आलं तरी कळत नाही. तिथे आतली टाइट्स आणि टी-शर्ट पंपावर ओले करून वर पँट चढवायची. अर्धा तास स्वर्ग. नंतर पुन्हा थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा ओलं करायचं. कसारा घाट उतरून शहापूरकडे गेलं की गणित फिरतं. हवा दमट, घाम उडतच नाही, ओल्या कपड्यांची नुसती चिकचिक. तिथे जितकी जाळी तितकं बरं. समृद्धीवर दुचाकीला बंदी असल्यामुळे मुंबईचा हा जुना रस्ता आपल्याला चुकत नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला उभं असताना मात्र कुठलीच पँट उपयोगाची नाही, तिथे फक्त सहन करायचं.

जाळीवर पैसे घालण्याआधी आपल्या गाडीवर हवा येते कुठे तेही बघा. स्प्लेंडरसारख्या उघड्या गाडीवर वारा थेट नडगीवर आणि मांडीवर आपटतो. स्कूटरवर पुढचा पत्राच तो अडवतो. रुंद टाकीच्या गाडीवर मांडीची आतली बाजू टाकीला चिकटलेली असते, तिथल्या जाळीचा काडीचा उपयोग नाही. उजव्या पोटरीची आतली बाजू सायलेन्सरला लागते का ते बसूनच कळेल. तिथे चामड्याचा किंवा उष्णता सोसणारा तुकडा हवा. पॉलिएस्टरची जाळी तापल्या सायलेन्सरला टेकली की भोक पडायला एक सेकंद पुरतो.

आत घालायचं रेनलायनर, म्हणजे पावसासाठीचं अस्तर, मिळतंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. वळवाचा पाऊस गाठतो तेव्हा रस्त्याकडेला पँट काढून आत अस्तर कोण घालतंय? शिवाय बाहेरची जाळी भिजतेच. वरून चढवायची साधी रेनकोटची पँट घ्या. रंग काळ्याऐवजी करडा मिळाला तर घ्या. बजेट सात-आठ हजारांपासून पुढे धरा, खुब्याची गार्डं वेगळी.

आणल्यावर लेबलची पट्टी कापू नका, बिल फेकू नका. पहिल्यांदा ती घालून सापुताऱ्याला निघू नका. आधी भर दुपारी त्र्यंबकला जाऊन या, जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास होतं. सीट उन्हात तापलेली असते, तिच्यावर ओला पंचा टाकून ठेवा. परत आल्यावर आरशात मांडीच्या सांध्याजवळ आणि गुडघ्यामागे लाल वळ उठलेत का बघा. साठला वळ उठला तर दोनशेला सालटं निघेल. अजून बदलून मिळते तोवर बदलून टाका.

धुताना गार्डं काढायची, साधा साबण, सॉफ्टनर नको, आणि वाळत घालायची ती सावलीत, कारण अॅरामिडचा धागा उन्हाने कमजोर होतो. गार्ड काढण्याआधी त्यावर स्केचपेनने डावं-उजवं लिहा आणि वरच्या टोकाला बाण काढा. माझी दोन्ही एकदा उलटी बसली होती. गुडघ्याला काहीतरी टोचतंय म्हणत मी थेट इगतपुरीपर्यंत गेलो, आणि तिथे चहाच्या टपरीमागे उभं राहून ती सरळ केली.