दीर्घिका किती दूर? अंतर सांगण्याआधी या चुका टाळा

दीर्घिकेचे अंतर ताम्रसृतीवरून काढतात; विश्वाच्या प्रसरणामुळे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली, याचे ते माप. सर्वांत जास्त फसगत होते ती फक्त फिल्टरमधल्या रंगांवरून ताम्रसृती काढताना. 121.6 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन शोषतो. म्हणून अतिदूरची दीर्घिका एका फिल्टरमध्ये दिसते आणि त्याच्या अलीकडच्या, कमी तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये गायब होते. पण तुलनेने जवळच्या, धुळीने भरलेल्या दीर्घिकेच्या प्रकाशातही 365 नॅनोमीटरजवळ अशीच पायरी (प्रकाशातली अचानक घट) असते.

2022 मध्ये सीईईआरएस-93316 या दीर्घिकेची ताम्रसृती 16.4 निघाली, ती अशीच. तरंगलांबी ताम्रसृती अधिक 1 इतक्या पट ताणली जाते. 121.6 ला 17.4 ने गुणा: 2.12 मायक्रॉन. ताम्रसृती 4.9 असेल तर 365 ला 5.9 ने गुणा: 2.15 मायक्रॉन. रुंद फिल्टरला हा फरक कळत नाही. त्यात ऑक्सिजनची 500.7 ची रेषा 2.95 मायक्रॉनवर आणि हायड्रोजनची 656.3 ची रेषा 3.87 मायक्रॉनवर सरकलेली. त्यांचा उजेड फिल्टरमध्ये मिसळला आणि धुळकट दीर्घिका निळसर, तरुण भासली. 2023 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने वर्णपट घेतला, तेव्हा खरी ताम्रसृती 4.9 ठरली. म्हणून कोणती ताम्रसृती किती संभाव्य, हे दाखवणाऱ्या आलेखात कमी ताम्रसृतीचे छोटे शिखर दिसले तरी ते सोडून देऊ नका. मध्यम रुंदीच्या फिल्टरमधून पुन्हा मोजा.

वर्णपटात एकच रेषा मिळाली तर घाई नको. 818 नॅनोमीटरवरची रेषा लायमन-अल्फा (हायड्रोजनची 121.6 ची) असेल तर ताम्रसृती 5.73, ऑक्सिजनची 372.7 ची असेल तर फक्त 1.19. ऑक्सिजनची रेषा जोडरेषा असते, लायमन-अल्फाची निळी बाजू तुटक असते. शंका असेल तर दुसरी रेषा शोधा.

नुसत्या पायरीवरून दशांश स्थळेही देऊ नयेत. दीर्घिकेभोवती दाट हायड्रोजन असला की पायरी लाल बाजूला सरकते आणि ताम्रसृती जास्त येते. जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेची ताम्रसृती आधी 14.32 आली होती. अल्मा या रेडिओ दुर्बिणीने 2025 मध्ये ऑक्सिजनची 88 मायक्रॉनची रेषा सुमारे 223.5 गिगाहर्ट्झवर पकडली, तेव्हा ती 14.18 झाली.

आता अंतर. याच दीर्घिकेला हबलचा साधा नियम (ताम्रसृती गुणिले प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक, म्हणजे विश्वप्रसरणाचा दर, सुमारे 70 किमी/सेकंद प्रति मेगापार्सेक) लावला, तर जवळजवळ 200 अब्ज प्रकाशवर्षे येतात, म्हणजे दृश्य विश्वाच्या 46 अब्ज प्रकाशवर्षांच्या त्रिज्येच्या कितीतरी पलीकडे! प्रसरणाचे पूर्ण गणित करा: प्रकाशाचा प्रवास सुमारे 13.5 अब्ज वर्षांचा, आजचे अंतर सुमारे 34 अब्ज प्रकाशवर्षे. यातले कोणते अंतर देताय, आणि हबल स्थिरांक व विश्वाची द्रव्यघनता किती धरली, हे आकड्याशेजारीच लिहा.