कॉलेज बदललं आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला
फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कॉलेजचा सीजीपीए’ (म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या ग्रेडची सरासरी) असा रकाना होता. माझ्याकडे तो नव्हताच. नवं कॉलेज बहुधा जुनी क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) मान्य करतं, ग्रेड नाही. सरासरी पहिल्यापासून सुरू होते. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना. शेवटी शिष्यवृत्ती विभागालाच ईमेल केला. उत्तर आलं: जुना सीजीपीए भरा, शेऱ्यात तसं लिहा. सोबत मान्य क्रेडिट्सचं पत्र जोडलं. अधिकृत गुणपत्रिका बऱ्याच ठिकाणी जुन्या कॉलेजकडूनच थेट जावी लागते, म्हणून ती सगळ्यात आधी मागवा. शिफारसपत्र जुन्या मॅडमकडून घेतलं. नव्या सरांना माझं नावही धड ठाऊक नव्हतं, ते काय लिहिणार! विभागाचा तो ईमेल मात्र जपून ठेवा. छाननीत रकान्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा तोच पुढे केला.