वायरिंगचे प्रशिक्षण घेताना : ठाणे-नवी मुंबईतील दिव्यांग उमेदवारांसाठी

वायरिंगचे काम म्हणजे शिडीवर चढून पंखा लावणे, अशा समजुतीतून कितीतरी घरांत दिव्यांग मुलामुलींसाठी हा व्यवसाय परस्पर नाकारला जातो. ही समजूत अपुरी आहे. भिंतीत पाइप टाकणे, तारा ओढणे, छतावरचे पॉइंट काढणे यांसाठी चढउतार करावी लागते हे खरे. पण स्विचबोर्ड भरणे, पॅनेलची (वीज नियंत्रणाच्या पेटीची) जोडणी, मोटार व घरगुती उपकरणांची दुरुस्ती, अंदाजपत्रक ही कामे टेबलाशी बसून होतात. रबाळे, महापे, तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात नोकरी शोधायची असेल, तर पॅनेल वायरिंगचा विचार आधी करावा. अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी यांपैकी कोणते काम आपण रोज आठ तास करू शकू, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

हे एकट्याने ठरवू नये. चुनाभट्टीजवळ, व्ही. एन. पुरव मार्गावरील पूर्वीच्या एटीआयच्या (आताच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेच्या) आवारात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तेथे उमेदवाराची क्षमता पाहून व्यवसायाविषयी मार्गदर्शन केले जाते. नवी मुंबईतील कुटुंबांना वाशीतील महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रातही चौकशी करता येईल. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) नसल्यास त्याचा अर्ज आधी करावा, कारण राखीव जागा आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते.

आयटीआयमध्ये दोन व्यवसाय या कामाशी थेट निगडित आहेत : वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), ज्यासाठी विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते, आणि तारतंत्री (वायरमन), ज्यासाठी आठवी उत्तीर्ण पुरते. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. प्रत्येक व्यवसायाच्या अभ्यासक्रमात कोणत्या प्रकारच्या दिव्यांग व्यक्ती पात्र आहेत ते नमूद केलेले असते. ते वाचूनच ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरावा. त्याआधी वागळे इस्टेट किंवा अंबरनाथ, जी संस्था मनात असेल तिची कार्यशाळा स्वतः जाऊन पाहावी. वर्ग कोणत्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळते का आणि स्टेशनपासून रोजचा प्रवास झेपेल का, या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिल्प निदेशकांशी सविस्तर बोलावे आणि लागणाऱ्या सोयी लेखी मागाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सोयींची तरतूद आहे. त्यामुळे ही मागणी करताना संकोचाचे कारण नाही. एका हाताने काम करणाऱ्याला टेबलावर पक्का बसवलेला शिकंजा (व्हाइस) आणि स्वयंचलित वायर स्ट्रिपर मिळाला, तर तार सोलून तिच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवणे बरेच सुकर होते. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी टेबलाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा हवी. कर्णबधिर विद्यार्थ्याला तार तपासताना वाजणाऱ्या बझरवर विसंबता येत नाही, म्हणून त्याच्या हाती पडद्यावर वाचन दाखवणारा मल्टिमीटर द्यावा, आणि निदेशकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत मागू नये आणि कोणी दिली तरी घेऊ नये. आपल्याकडे कार्यशाळेत आणि साइटवर ‘लाइन चालू करतोय’ अशी हाक मारून वीज सुरू करण्याची सवय आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ही सवय प्राणघातक ठरू शकते, आणि ऐकू येणाऱ्यांसाठीही ती पुरेशी नाही. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करावा, त्याला कुलूप अडकवावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, आधी चालू लाइनवर तपासून घेतलेल्या टेस्टरने तारेत वीज नसल्याची खात्री करावी आणि मगच तारेला हात लावावा. हा क्रम हाताला इतका बसला पाहिजे की घाईतही मोडणार नाही. पायाला बांधायचे धातूचे कॅलिपर, कुबड्या किंवा व्हीलचेअरची चौकट यांतूनही प्रवाह जमिनीत जाऊ शकतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून कुबड्यांची रबरी टोके झिजताच बदलावीत, पॅनेलसमोर वीजरोधक (इन्सुलेटिंग) मॅट असावी आणि सरावाच्या बोर्डाला गळतीचा प्रवाह आढळताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असल्याचा आग्रह धरावा. फिट येण्याचा किंवा रंग ओळखण्याचा त्रास असल्यास तो लपवू नये. लाल, पिवळी, निळी फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची तार वेगळी ओळखता येत नसेल, तर तारेवर चढवायचे, आकडे छापलेले फेरूल (छोट्या नळ्या) वापरता येतात. पण अडचण सांगितली तरच ते हाती येतील.

आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी अवश्य करावी. अर्जात ‘कोणतेही काम चालेल’ असे न लिहिता पॅनेल असेंब्ली किंवा दुरुस्ती विभाग असा स्पष्ट उल्लेख करावा. स्वतंत्रपणे घरांची कामे करायची असल्यास राज्याच्या परवाना मंडळाकडून तारतंत्रीचा परवाना घ्यावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी जोडून घ्यावे. चढउताराच्या कामासाठी जोडीदार असला तर मोजमाप, जोडणी आणि कामाचा हिशेब दिव्यांग कारागीर सांभाळू शकतो. दुकान टाकायचे असेल, तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी करावी. अर्जासोबत हत्यारांची दरपत्रके जोडताना मेगर (तारेचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) आणि चांगला मल्टिमीटर त्यांत अवश्य धरावा, कारण ही उपकरणे पुढे स्वतःच्या पैशांतून घेणे लांबणीवर पडत जाते.