टीवायनंतर ऑनर्सचं चौथं वर्ष की एम.ए.-एम.एस्सी.? असं ठरवा

निकालाच्या दिवसांत टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात. ‘सर, चौथं वर्ष इथंच करू, की एम.एस्सी.ला जाऊ?’ आणि प्रश्नाला जोडूनच कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, ‘ऑनर्स केलं की एक वर्ष वाचतं.’ हा सल्ला अर्धवट आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, चार वर्षांनंतर एका वर्षाची. कुठूनही गेलात तरी बेरीज पाचच. महाराष्ट्राच्या आराखड्यात ऑनर्सचं चौथं वर्ष आणि एम.एस्सी.चं पहिलं वर्ष ६.० या एकाच पातळीवर, म्हणजे सारख्याच दर्जाचं, ठेवलेलं आहे. वर्ष वाचतं ते एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला जाणाऱ्याचं, आणि त्या वाटेवरच्या अटी कडक आहेत.

आधी पुढं काय करायचंय ते कागदावर लिहा. एमपीएससी, यूपीएससी, बी.एड., तीन वर्षांचं एलएल.बी., एमबीए यांतलं काही असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. चौथ्या वर्षाचा विचार सोडा. विषय बदलायचा असेल तरी सोडा, कारण ते वर्ष मेजर, म्हणजे पदवीच्या मुख्य, विषयातच जातं. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतंच. सीनिअर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर आजच्या नियमांनुसार ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. नुसत्या ऑनर्सवर ते काम होत नाही. उरले संशोधनात जाऊ पाहणारे. चौथं वर्ष खरं त्यांच्यासाठी आहे.

आता ७५ टक्क्यांचं प्रकरण. इथं मी स्वतः चुकलो आणि त्याची किंमत एका विद्यार्थिनीनं मोजली, म्हणून सविस्तर सांगतो.

७५ची अट एक नाही, दोन आहेत. पहिली चौथ्या वर्षात शिरतानाची: चौथं वर्ष साधं ऑनर्स म्हणून करता येतं किंवा शोधप्रकल्पासह ‘ऑनर्स विथ रिसर्च’ म्हणून, आणि हे दुसरं घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के लागतात. दुसरी बाहेर पडतानाची: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला जायचं तर एकूण ७५ टक्के हवेत. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना या दुसऱ्या अटीत ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.एस्सी. करून पीएच.डी.ला गेलात तर मात्र ५५ टक्के पुरतात. हा फरक मुलं लक्षात घेत नाहीत. ऑनर्स संपताना ७३वर अडकलात तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला थेट पीएच.डी. मिळत नाही, पुढचं एम.एस्सी. करावंच लागतं. चार वर्षांच्या पदवीवर जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसाठी नेटला बसता येतं, पण तिथंही ७५ आहेतच.

त्या मुलीला वनस्पतिशास्त्रात प्रत्येक सेमिस्टरला ८०च्या पुढं गुण होते. मी तेवढेच बघितले आणि ‘तुझं रिसर्चचं नक्की’ असं सांगून मोकळा झालो. मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, एनएसएस-क्रीडेसारखे विषय, या सगळ्यांचे गुण एकूण बेरजेत येतात हे मी तपासलंच नाही. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि बेरीज ७५च्या खाली निघाली. माझ्या शब्दावर विसंबून तिनं बाहेरच्या प्रवेश परीक्षांचे फॉर्मही भरले नव्हते. शेवटी जिथं जागा उरली होती तिथं तिनं एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिच्या योग्यतेचा तो विभाग नव्हता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. आता सगळ्या गुणपत्रिका समोर मांडल्याशिवाय मी कुणालाही सल्ला देत नाही.

तुम्हीही तसंच करा. मेजरचे गुण वेगळे धरू नका. ७.५ सीजीपीए म्हणजे ७५ टक्के, असंही समजू नका. रूपांतराचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं, ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. पाचव्या सेमिस्टरअखेर बेरीज ७८च्या खाली असेल तर मी कुणालाही रिसर्चच्या भरवशावर राहू देत नाही. पुढचे पेपर अवघड असतात आणि दुसरे ७५ अजून बाकी असतात.

बेरीज जमली की गाईडला, म्हणजे शोधप्रकल्पाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, भेटा. प्रवेश घेण्याआधी, नंतर नाही. रिसर्चच्या वर्षात १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प असतो, आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक हवेत अशी यूजीसीची अपेक्षा आहे. विषय कोणता, आणखी किती मुलं त्यांच्याकडे आहेत, लागणारं उपकरण किंवा जर्नल कॉलेजात आहे का, हे सरळ विचारा. ‘बघू, आधी प्रवेश तर घे’ असं उत्तर आलं तर तिथं थांबू नका, एम.एस्सी.ला जा. आपल्याकडच्या एम.एस्सी.तही दुसऱ्या वर्षी १० क्रेडिटचा शोधप्रकल्प असतोच, त्यामुळं संशोधनाची संधी जात नाही. शिवाय नवा विभाग, नवी प्रयोगशाळा, नवे शिक्षक मिळतात.

रिसर्चशिवायचं साधं ऑनर्स त्याच कॉलेजात करावं, असं मी जवळपास कुणालाच सांगत नाही. अपवाद परदेशी जाणाऱ्यांचा. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आणि बारावीनंतरच्या चार वर्षांनी ते पूर्ण होतं.

ऑनर्सनंतर एका वर्षाचं एम.एस्सी. करू म्हणणाऱ्यांनी ते आपल्याला हव्या त्या विद्यापीठात, हव्या त्या विषयात आहे का, हे आजच बघावं. सगळीकडे ते नाही. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत मिळणारं एम.एस्सी. साधारण दोन वर्षांचंच असतं, म्हणजे ऑनर्स करून तिथं गेलात तर पाचाची सहा वर्षं होतात. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची चौकशी दोन्हीकडे करा.

जॅम फेब्रुवारीत होते, सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा साधारण मार्चमध्ये, आणि दोन्हींचे फॉर्म त्याच्या काही महिने आधी निघतात. तुमचा सहाव्या सेमिस्टरचा निकाल तेव्हा लागलेला नसतो. त्यामुळं ऑनर्सचं कितीही पक्कं वाटलं तरी पाचव्या सेमिस्टरमध्येच फॉर्म भरून ठेवा. त्याच आठवड्यात एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) हे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं उघडून सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट चढलेत का ते बघा. एखाद्या सेमिस्टरचे दिसत नसतील तर कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.